पाणी कुठून आले?

श्रद्धेचा प्रश्न आला की वस्तुस्थिती विचारू नये, असा एक समज आपल्या धर्मग्रामांत मोठ्या आदराने जोपासला जातो. या समजाला माझा स्पष्ट विरोध आहे. उदाहरण परक्यांचे कशाला? आपलेच घेऊ.

मार्च २०१२ मध्ये मुंबईत, विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकणी मातेच्या चर्चपाशी, क्रूसमूर्तीच्या पायांवरून पाणी ठिबकू लागले. भाविक लोटले, पाणी बाटल्यांत भरून घरी नेऊ लागले. पाणी ठिबकत होते, ही वस्तुस्थिती. हा चमत्कार आहे, हे मत. या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न उभा होता: पाणी येते कुठून? त्याचे उत्तर भिंत तपासून मिळते, प्रार्थनेने नव्हे. बुद्धिप्रामाण्यवादी सनल एडामारुकू यांनी ती तपासली. जवळच सांडपाणी तुंबले असून ते केशाकर्षणाने भिंतीत चढते व मूर्तीपर्यंत पोहोचते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तो ज्यांना पटला नाही, त्यांनी गटार उपसून ठिबकणे थांबते का ते पाहायचे होते. आपल्यातील काहींनी त्याऐवजी पोलीस ठाणे गाठले! धार्मिक भावना दुखावल्याबद्दल, तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी हे गृहस्थ देश सोडून फिनलंडला गेले. तुंबलेल्या गटाराचा प्रश्न भावनांच्या कलमाखाली कसा सुटावा, हे मला अद्याप कळलेले नाही.

एडामारुकूंच्या पदरातही त्यांचे माप घातले पाहिजे. पैशासाठी चमत्कार रचले जातात, असा आरोप त्यांनी दूरचित्रवाणीवरील वादात केला. पाण्याचा उगम दाखविल्याने कोणाचा हेतू सिद्ध होत नाही. ते त्यांचे मत होते; त्याला निराळा पुरावा हवा होता. तो मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता. अटकेचा धाक घातला आणि तो अधिकार आपण हातचा घालविला.

ख्रिस्तसभा स्वतः याबाबतीत आपल्याहून कितीतरी सावध आहे. लुर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचे सांगणाऱ्यांची कागदपत्रे तेथे आधी डॉक्टर पाहतात. बिशपांचा निर्णय त्यानंतर. हजारो दाव्यांतून चमत्कार म्हणून मान्य झालेल्या घटनांची संख्या शंभराच्याही आत आहे. १७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार तर, एखादी घटना दैवी असल्याचे स्थानिक बिशपांनीदेखील सामान्यतः घोषित करावयाचे नाही. जे बिशप करीत नाहीत, ते आपण चर्चच्या पायऱ्यांवर पाच मिनिटांत उरकतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील तो जन्मांध आठवावा. येशू पापी आहे, हे मत परुशी त्याच्या तोंडून वदवून घेऊ पाहतात. ते आपल्याला ठाऊक नाही, असे तो सांगतो. पूर्वी दिसत नव्हते, आता दिसते, एवढ्यावर मात्र तो ठाम राहतो. आईवडील भयापोटी अंग काढून घेतात. शेवटी परुशी त्याला हाकलून देतात. येशूवरील श्रद्धेची कबुली तो देतो, ती त्यानंतर.