जुन्या गाडीची सूट

हडपसरचा गाडीतळ हें नांवच सांगतें कीं, येथें गाडी सोडून बैलांस विसांवा द्यावयाचा. बैल थकला म्हणजे बसे. इंजिन बसत नाहीं, म्हणून हांकणाऱ्याचा थकवा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आमचा एक विद्यार्थी स्वतःच्या जुन्या ट्रकनें सोलापूर रस्त्यावर मालवाहतूक करितो. परवां त्याच्या घरीं गेलों असतां तो हर्षानें म्हणाला, "गुरुजी, अमेरिकेंत चालकाचे तास नोंदणारें इलेक्ट्रॉनिक यंत्र 2017 च्या डिसेंबरपासून सक्तीचें झालें, पण 2000 सालापूर्वींच्या इंजिनांस सूट!"

आम्हीं म्हटलें, "बाळ, ती सूट यंत्रापुरती. यंत्र इंजिनाशीं जोडावें लागतें, आणि जुन्या इंजिनांतून त्यास हवी ती माहिती सहज मिळत नाहीं. तासांची मर्यादा तेथेंही सुटत नाहीं. नोंद कागदावर करावी लागते. आपल्याकडे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास 8 तास, आठवड्यास 48 तास आणि 5 तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसांवा ठरविला होता. पण तो चाकरासाठीं. तूं स्वतःच मालक व स्वतःच चालक. तुझे तास कोण मोजणार?"

तो निरुत्तर झाला. तोंच त्याची पत्नी आंतून म्हणाली, "गुरुजी, हे रात्रीच्या खेपेला गेले म्हणजे दार वाजेपर्यंत सासूबाईंचा डोळा लागत नाहीं."

ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं एक वही घालावी. निघण्याची वेळ, थांबण्याची वेळ व झोंपेचे तास चालकानें लिहावे आणि घरांतील वडील माणसानें रोज वाचावे. झोंप कांहीं इंजिनाचें साल पाहून येत नाहीं.