महाडची मार्गदर्शिका आपणच छापूया

दरवर्षी २० मार्चला हजारो भीमसैनिक महाडला येतात, चवदार तळ्यावर अभिवादन करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. महामार्गालगतची गांधारपाले बुद्धलेणी बहुतेकांची पाहायची राहतात. गोपाळबाबा वलंगकरांचं रावढळ, डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब जिथे बोटीने उतरले ते दासगाव, ही गावं कुणी दाखवतच नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या पर्यटकाला तर महाड म्हणजे नुसता रायगडाचा फाटा.

काहीजण म्हणतात, मोबाईलवर नकाशा असताना पुस्तक कशाला? नकाशा तळं दाखवतो. पण नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करूनही पाण्यासाठी सत्याग्रह का करावा लागला, हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ का उजाडलं, डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी ती कशी दिली, हे नकाशा सांगत नाही.

मात्र ही मार्गदर्शिका पुढाऱ्याच्या पैशाने नको. पैसे त्याचे, तर मुखपृष्ठावर फोटोही त्याचाच! बुद्धविहारांतून वर्गणी काढू, साध्या कागदावर छापू. महाड-पोलादपूरच्या आपल्या पोरापोरींनी आजी-आजोबांना विचारून माहिती गोळा करावी. ऐकीव काय आणि कागदोपत्री काय, हे वेगळं लिहावं. एसटी कुठून, चालायचं किती, प्यायचं पाणी कुठे, हेही असावं.

सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. आपली बाजू दुसरा कुणी छापेल म्हणून ते थांबले नाहीत. २०२७ च्या शताब्दीला येणाऱ्याच्या हातात आपली पुस्तिका असलीच पाहिजे.

जय भीम!