संघ कोणी मोडला?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेला मुलींचा संघ गेला, मुलांचा गेला नाही. त्यावर प्राध्यापक-कक्षात जे भाष्य झाले ते इथे नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटते. ‘आता सगळे मुलींसाठीच. अमेरिकेत मुलांचे संघ बंद पडले, तेच इथे होणार.’ बोलणारे गृहस्थ ज्येष्ठ आणि व्यासंगी. त्यांचे म्हणणे कुणी खोडले नाही. आम्हीही त्या दिवशी गप्प राहिलो. ते गप्प राहणे चुकीचे होते, म्हणून हे लेखन.

अमेरिकेत झाले काय, ते आधी पाहू. 23 जून 1972 रोजी तिथे ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करू नये, एवढेच तो सांगतो. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. 1979 च्या शासकीय स्पष्टीकरणाने महाविद्यालयांना तीन वाटा दिल्या. खेळाडूंमधील मुलींचे प्रमाण एकूण विद्यार्थिनींच्या प्रमाणाशी जुळवावे. किंवा मुलींचे खेळ सातत्याने वाढवत असल्याचे दाखवावे. किंवा त्यांची आवड आणि क्षमता यांना पूर्ण वाव दिल्याचे सिद्ध करावे. तिन्हींपैकी एक वाट पुरे. याचा परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा झाला. 1971-72 मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. पुढे त्या तीस लाखांपलीकडे गेल्या.

मुलांचे संघ बंद पडले, हेही खरे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1994 साली मुलांचे जलतरण आणि जिम्नॅस्टिक्स बंद केले. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघातले तीन खेळाडू याच विद्यापीठाने घडवले होते. कुस्तीचे आखाडे तर अनेक ठिकाणी मिटले. कुस्ती प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना 2002 साली न्यायालयात गेली आणि हरली. लहानपणापासून मातीत घाम गाळलेल्या मुलाला एके दिवशी ‘तुझा खेळ आता इथे नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याचे दुःख खोटे नसते. त्या दुःखाची थट्टा आम्ही करणार नाही.

प्रश्न आहे तो दोष कुणाचा, हा. मुलांचा संघ बंद करा असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. मुलींचा संघ वाढवायला पैसा लागतो, मुलांचा छोटा संघ कापायला लागत नाही. व्यवस्थापनांनी स्वस्त मार्ग निवडला आणि पावती कायद्याच्या नावावर फाडली. त्याच काळात मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना पंच्याऐंशी खेळाडूंपर्यंत शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती आणि संघ शंभराच्या पुढे जात. व्यावसायिक संघ मात्र त्रेपन्न जणांत भागवतात. या फुगवट्याला कुणी हात लावला नाही. कात्री चालली ती कुस्तीवर. ब्राउन विद्यापीठाने 1991 साली काटकसरीपोटी चार संघांचा निधी काढला, त्यांत दोन मुलींचे होते. 2020 मध्ये स्टॅनफर्डने पैशाचेच कारण देऊन अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले, त्यांतही मुलामुलींचे दोन्ही होते. 2021 मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. शेवटी तर कुस्ती प्रशिक्षकांची तीच संघटना मुलींच्या कुस्तीची पुरस्कर्ती झाली आणि 2025 साली मुलींच्या कुस्तीला तिथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. मुलींना शत्रू मानून आखाडा वाचत नाही, हे त्यांना उशिरा का होईना उमगले.

आता आपल्या सिंधुदुर्गाकडे येऊ. इथे असा कोणताही प्रमाणाचा नियम नाही. मग मुलांचा संघ का गेला नाही? कारण बारा मुले जमली नाहीत. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. हजार पुरुषांमागे स्त्रिया 1036. हे आकडे स्त्रीसन्मानाचे प्रमाणपत्र नव्हेत. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची ती गैरहजेरी आहे. बारावीनंतर मुलगा मुंबई नाहीतर गोवा गाठतो, उरलेले काही पर्यटनाच्या हंगामात तारकर्लीला होडीवर असतात. कला शाखेच्या वर्गात मुलीच बसलेल्या दिसतात, हे आपण रोज पाहतो. मुलांचा संघ मोडला तो रोजगाराने. वर्षानुवर्षे न भरलेल्या पदांनी आणि निगा न राखलेल्या मैदानांनी उरलेले काम केले. त्या मुलींनी कुणाचे काय घेतले?

निधी तुटपुंजा असेल तर एकाला दिल्यावर दुसऱ्याचे घटणारच, असा आक्षेप येईल. तो आम्हाला मान्य आहे. पण मग टंचाईही दोघांत वाटली गेली पाहिजे. आमच्याकडे मुलींचा संघ नव्हता अशी कितीतरी वर्षे गेली. त्यांतल्या एकाही वर्षी प्राध्यापक-कक्षात ‘मुलींचा संघ गेला’ असे कुणी हळहळले नाही. जे कधी उभेच राहू दिले नाही, त्याची हानी मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. मुलांचा संघ एक वर्ष गेला नाही, तर मात्र त्याचा सिद्धान्त होतो.

साहित्याच्या अध्यापकांना हे अनोळखी नसावे. ‘नाट्यमन्वंतर’ने 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. स्त्रीपार्टी नटांची एक थोर परंपरा त्या वाटेने मागे पडली. ती हानी होतीच. पण ती सांगताना ‘बायकांनी नटांच्या पोटावर पाय दिला’ असे वर्गात शिकवायला आपल्यापैकी कुणी धजणार नाही. आपल्या दशावतारात पुरुष आजही स्त्रीभूमिका करतात आणि आपण ते कौतुकाने पाहतो. परंपरेवरचे प्रेम आणि प्रवेशाचा हक्क ही दोन्ही एकाच मनात राहू शकतात, हे रंगभूमीबाबत ज्यांना समजते त्यांना मैदानाबाबत का समजू नये?

मुलांचा संघ पुन्हा उभा राहावा, ही आमचीही इच्छा आहे. त्यासाठी रिक्त क्रीडाशिक्षकपद भरण्याचा, मैदान दुरुस्त करण्याचा, प्रवासखर्चाचा ठराव करावा. त्यावर पहिली सही आम्ही करू. मात्र त्या ठरावाच्या कारणांत मुलींच्या संघाचा उल्लेख असेल, तर सही करणार नाही. आणि या वेळी गप्पही राहणार नाही.