वारसा सिद्ध करावा लागतो

धाराशिव जिल्ह्यात गुडघा सुजला की घरातील वडीलधारी मंडळी आजही ओढ्याकाठची निर्गुडी आणावयास सांगतात. पाला तव्यावर गरम करून बांधावा, कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा घ्यावा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. परंतु एका घरचा काढा गुण देतो, दुसऱ्या घरचा देत नाही. गुणकारी द्रव्य काढ्यात किती उतरले, हे कोणी मोजलेलेच नसते.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोज, पेक्टिन आदींची भिंत असते. सूज कमी करणारी अनेक द्रव्ये या भिंतीआड अडकलेली किंवा साखरेच्या रेणूशी बांधलेली असतात. नुसत्या उकळण्याने ती पूर्णपणे सुटत नाहीत. सेल्युलेज, पेक्टिनेज यांसारखी विकरे, म्हणजे एन्झाइम, कोमट पाण्यात काही तास काम करून ही भिंत सैल करतात. बीटा-ग्लुकोसिडेज साखरेची गाठ सोडवते आणि काही द्रव्ये शरीरात अधिक सहज शोषली जातात. तीच वनस्पती, परंतु अर्क अधिक समर्थ, असे हे तंत्र आहे.

आयुर्वेदाला ही दिशा परकी नाही. आसव-अरिष्टांच्या संधानात धायटीची फुले घालतात, त्या फुलांवरील किण्वजंतू आपल्या विकरांनी द्रव्यांचे रूप पालटतात. दशमूलारिष्ट असेच सिद्ध होते. मात्र ‘आमच्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते’ एवढे म्हणून स्वस्थ बसणे हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांनी अनुभवाने वाट दाखविली, तिचे मोजमाप करणे हे आपले काम आहे.

मोजमापाचे महत्त्व हळदीने शिकविले. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे अमेरिकेत 1995 साली दिले गेलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने लेखी पुरावे मांडले म्हणून, केवळ भावना दुखावल्या म्हणून नव्हे. गुडघ्याच्या संधिवातावर सुंठ, गुळवेल, आवळा आदींच्या औषधांची आधुनिक औषधांशी तुलना करणारी भारतीय चाचणी 2013 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आयुर्वेदीय औषधे त्या तुलनेत उणी ठरली नाहीत. त्याचबरोबर काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत आढळलेली वाढही संशोधकांनी लपविली नाही. हा प्रामाणिकपणाच विश्वास निर्माण करतो. विकरांनी अर्काचे सामर्थ्य वाढले की मात्राही नव्याने ठरवावी लागेल. ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ ही समजूत तेथे धोक्याची ठरेल.

धाराशिवला हे काम अशक्य नाही. येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे. तुरीच्या, हरभऱ्याच्या बियाण्याला शेतकरी जी ट्रायकोडर्मा बुरशी चोळतो, तिच्याच जातकुळीतून कारखान्यांत सेल्युलेज मिळविले जाते. वैद्य, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि शेतकरी एका टेबलाशी बसले, तर निर्गुडी, गुळवेल, अडुळसा यांच्यापासून आरंभ करता येईल. पावसाने वारंवार पाठ फिरविणाऱ्या आणि 2018 साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या या भूमीत उसापेक्षा किती तरी कमी पाण्यावर जगणाऱ्या वनस्पतींना प्रक्रियेने मोल आले, तर शेतकऱ्याच्या हाती आणखी एक आधार येईल.

बांधावरची निर्गुडी कोणी चोरून नेणार नाही. पण तिचे सामर्थ्य आपण सिद्ध केले नाही, तर ते दुसरा कोणी सिद्ध करील, आणि आपल्याच ओढ्याकाठचे औषध आपल्याला त्याच्या दुकानातून विकत घ्यावे लागेल.