विद्यावेतन नव्हे, वेतन

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेल्या सामान्य घरातील विद्यार्थ्याची सारी भिस्त ‘असिस्टंटशिप’वर असते. ती मिळाली तर बहुधा शिक्षणशुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते पैसे हाती येतात; न मिळाली तर वडिलांचे राहते घर बँकेकडे तारण पडते. साहजिकच विद्यापीठाने आपल्यावर उपकार केला, असे त्याला वाटू लागते. हा समज दूर झाला पाहिजे.

असिस्टंटशिप म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. परंतु शिकण्याच्या काळात शिकणे हेच त्यांचे काम होते. असिस्टंट मात्र पदवीचे वर्ग घेतो, उत्तरपत्रिका तपासतो, प्रयोगशाळेत प्राध्यापकांचे संशोधन पुढे नेतो. त्याच्या श्रमांवाचून मोठ्या विद्यापीठांचा गाडा चालणार नाही. तेव्हा त्याला मिळते ते दान नव्हे, श्रमाचे मोल होय.

ही साधी गोष्टही संघर्षाविना मान्य झाली नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अध्यापन-साहाय्यकांनी १९७० मध्ये संप करून सामुदायिक करार मिळवला. खासगी विद्यापीठे मात्र ‘हे विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत’ असेच म्हणत राहिली. २००४ साली तेथील राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने हा युक्तिवाद उचलून धरला. २०१६ साली त्याच मंडळाने, कोलंबिया विद्यापीठाच्याच प्रकरणात, तो फेटाळला. तरीही कोलंबियातील साहाय्यकांच्या पदरात पहिला करार पडला तो २०२२ च्या जानेवारीत, सुमारे दहा आठवड्यांच्या संपानंतर. त्याच वर्षाअखेर कॅलिफोर्निया विद्यापीठातील ४८,००० शैक्षणिक श्रमिकांनी संप करून भरीव वेतनवाढ मिळवली. कायद्याने हक्क दिला तरी तो पदरात पाडून घेण्यास संघटनाच लागते, हाच या इतिहासाचा अर्थ.

परदेशी विद्यार्थ्याची अडचण याहून बिकट आहे. सत्र चालू असताना त्याला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते आणि आवाराबाहेर मनास येईल ती नोकरी धरता येत नाही. एका प्राध्यापकाच्या मर्जीवर शुल्क, भाडे आणि पदवी अवलंबून राहिली की अन्यायाविरुद्ध तोंड उघडणे कठीण होते. शिवाय बहुतेक विभाग असिस्टंटशिप देताना पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अग्रक्रम देतात. ‘तेथे गेल्यावर काहीतरी मिळेल’ या भरवशावर एम.एस.साठी कर्ज काढणे म्हणजे घर पणाला लावणे होय.

म्हणून तरुणांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यांना निघण्यापूर्वीच काही प्रश्न विचारावयास शिकवावे. कामाचे तास किती? शुल्क पूर्ण माफ की अंशतः? आरोग्यविमा कोण भरणार? नेमणूक एका सत्राची की अधिक काळाची? उत्तरे लेखी घ्यावीत. आणि तेथे संघटना असेल तर पहिल्याच आठवड्यात तिचे सभासद व्हावे. ज्ञानासाठी नम्र जरूर असावे; वेतनासाठी लाचार होण्याचे कारण नाही.