गाण्यासाठी एक छबिलदास

कुस्तीच्या मैदानात हलगीवाल्यासमोर कागद नसतो. दोन पैलवान खडाखडीत असतात तोवर त्याचा हात सावध, रेंगाळत चालतो. एकाने पट काढला की ठेका एकदम चढतो, आणि कुस्ती थंडावली की हलगीच दोघांना डिवचायला लागते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, नजर मात्र वाद्यावर नाही. ती पैलवानाच्या खांद्यावर आणि मांडीवर. पुढचा डाव कुणालाच ठाऊक नसतो, मग त्याचा ठेका आधी कसा ठरणार? शाहू महाराजांच्या खासबागेपासून भुदरगड तालुक्यातल्या जत्रेच्या मैदानापर्यंत हे वादन वर्षानुवर्षे चालत आले आहे. त्याला कुणी प्रायोगिक संगीत म्हटले नाही, एवढेच.

भुदरगडचा घाटमाथा ओलांडून खाली कोकणात उतरले की दशावतार. तिथे संवादाची लिखित संहिता नसते. कथा ठाऊक, पात्रे ठाऊक, बोलणे त्या रात्रीचे. पेटी, मृदंग आणि झांज वाजवणारे नटाच्या पावलाकडे बघत बसतात आणि राक्षस कधी उसळणार ते त्याच्या आधी ओळखतात. आणि घाटावर भेदिक शाहिरीचा फड: एका बाजूला कलगीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले, हातात डफ-तुणतुणे, मागे झीलकरी. समोरून आलेल्या सवालाला जवाब रचायचा, तोही चालीत आणि यमकात, आणि तोवर बैठक थंड पडू द्यायची नाही.

असा मुलूख असताना गारगोटीत उत्स्फूर्त आणि प्रायोगिक संगीताची महिन्यातून एक खुली रात्र व्हावी, असे कुणी म्हटले तर त्यात परदेशी खूळ काय आहे? कोल्हापूरपासून साधारण 50 किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. कोणीही यावे, जे वाद्य असेल ते आणावे, आधी न ठरवता एकट्याने किंवा अनोळखी माणसाबरोबर वाजवावे, गावे, आणि बाकीच्यांनी ऐकावे. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. कल्पना एवढीच आहे आणि ती अगदी करण्याजोगी आहे.

आज गावात संगीत नाही असे नाही. उलट फार आहे. पण ते दोनच साच्यांतून येते. एक स्पर्धेचा साचा: भजन स्पर्धा, लोकनृत्य स्पर्धा, शाळांच्या समूहगीत स्पर्धा. वेळ बांधलेली, गुणांचे रकाने ठरलेले, त्यामुळे मंडळे बसवलेले तेवढेच सादर करतात. रकान्यात न बसणारी तान घेऊन गुण घालवायची हौस कोणाला? दुसरा साचा ट्रॅकचा. मिरवणुकीतली बेंजो पार्टी मागे पडली आणि डॉल्बी आली. घरगुती समारंभात पेटी-तबला गेला आणि कराओके आला. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. गाणाऱ्याला एखादी जागा आवडली, तिथे दोन क्षण रमावेसे वाटले, तरी वाद्यवृंद पुढे निघून गेलेला असतो.

ऐनवेळी सुचण्याची कला गुणी माणसे संपल्यामुळे मरत नाही. तिचे निमित्त संपले की मरते. जात्यावरच्या ओव्यांचे हेच झाले. पहाटे दळण होते म्हणून बायका गात होत्या. जुनी ओळ घ्यायची, तिला आपल्या घरातले दुःख जोडायचे, समोरच्या बाईने ती उचलून पुढे न्यायची. पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले हे उत्तमच झाले, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण ओवी सुचण्याची वेळच दिवसातून उठून गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून, स्थानिक बायकांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या, म्हणून त्या आज वाचायला आणि ऐकायला मिळतात. नव्या रचल्या जाणे मात्र जवळपास थांबले. संग्रहाने ओवी जपली. निमित्त परत आणणे हे संग्रहाचे कामच नव्हे.

कोल्हापूरला गाण्यातला प्रयोग नवा नाही, हेही इथे सांगायला हवे. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणीच अतिगायनाने बिघडला होता आणि पूर्वीचा आवाज परत आलाच नाही. उरलेल्या गळ्याला पेलेल अशी, लयीशी बारीक गुंफण करणारी गायकी त्यांनी नव्याने घडवली. आज जयपूर-अत्रौली घराण्याचे नाव घेताना आदराने कान पकडले जातात, त्या घराण्याच्या मुळाशी एका गायकाची ही अडचण आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ कोल्हापुरातच शिकवत. त्यांच्याकडे मेनकाबाई शिरोडकर शिकत आणि मेनकाबाईंच्या लेकीनेही तिथेच पहिले धडे घेतले. ती मुलगी म्हणजे शोभा गुर्टू. शोभाताईंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्यावरून थेट जगाच्या जॅझ मंचावर गेले, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवू लागले, आणि वादनाच्या मध्येच घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवू लागले. 1988 च्या त्यांच्या ‘उसफ्रेट’ या ध्वनिमुद्रिकेत आईचा आवाज आहे. भुर्जीखाँच्या तालमीपासून त्या बादलीपर्यंत अंतर दोनच पिढ्यांचे. तेव्हा ‘आपल्याकडे हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपल्याकडची यादी एकदा पुन्हा वाचावी.

मग अडते कुठे? जागेवर. मराठी नाटकाचे उदाहरण समोर आहे. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. शाळा सुटली की हॉल मोकळा, तिकीट परवडणारे, रंगमंच म्हणावा असा रंगमंचही नाही. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून दार उघडायला कोणाची ओळख काढावी लागली नाही. पुढे जवळजवळ दोन दशके नव्या लेखक-दिग्दर्शकांनी तिथे हात मारून पाहिले. काही नाटके फसली, काही आजही अभ्यासली जातात. फसलेल्या नाटकांनी कोणाचे दिवाळे निघाले नाही, हीच त्या हॉलची खरी कमाई. (गल्लीतला बटाटेवडा हा या चळवळीचा दुसरा आधारस्तंभ होता, असे जुने प्रेक्षक गंभीरपणे सांगतात.) नाटकाला छबिलदास मिळाले. गाण्याला मैफल मिळाली, संगीत संमेलन मिळाले, रिअ‍ॅलिटी शो मिळाला. चुकण्यासाठी एक हॉल मात्र मिळाला नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. 1915 ची ती वास्तू; केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आग लागावी, हा दैवदुर्विलास. ते पुन्हा उभे राहायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण मोठ्या नाट्यगृहात जो माणूस उभा राहतो, तो आधी कुठल्या तरी लहान खोलीत दहा वेळा घसरलेला असतो. त्या खोलीसाठी कोणी निधी मागत नाही आणि तिच्यावर अग्रलेखही येत नाहीत.

महाग यंत्रे आणून हे होते असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. ज्यांनी 1946 मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत समजावून सांगितले, त्या गीता साराभाईंचे या घडामोडीमागे मोठे पाठबळ. काही भारतीयांनी त्या यंत्रावर विलक्षण कामही केले. परंतु काही वर्षांतच ते थांबले आणि फिती संस्थेच्या संग्रहात कितीतरी दशके पडून राहिल्या. यंत्र होते, कल्पक माणसे होती, पण शहराच्या बाजूने उघडणारे दार नव्हते.

लंडनमध्ये उलट घडले. तिथे त्याच 1969 साली संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू आणि त्याच्या मित्रांनी ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ काढला आणि त्यात संगीत न शिकलेल्यांनाही घेतले. पुढे 1999 मध्ये ढोलवादक एडी प्रेव्हो यांनी दर आठवड्याला मुक्त वादनाची कार्यशाळा सुरू केली. भव्य काही नाही. माणसे जमतात, दोघे-तिघे वाजवतात, उरलेले कान देतात, मग पाळी बदलते. एवढ्या साध्या शिस्तीवर ती वर्षानुवर्षे चालली आणि तिथून वादकांची एक अख्खी फळी तयार झाली.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा: शाहिराचे किंवा दशावतारी नटाचे ऐनवेळचे सुचणे हे मोकाट नसते. त्यामागे पुराणांचा, वृत्तांचा, तालाचा साठा असतो. ज्याला काहीच येत नाही त्याने ‘मुक्त’ वाजवले तर तो गोंगाटच. हे खरे आहे, आणि खुल्या रात्रीच्या उत्साही समर्थकांनी ते झटकून टाकू नये. पण त्यावर उपाय परीक्षक बसवणे हा नाही. चाळीस वर्षे एकतारीवर भजन म्हटलेला माणूस आणि मोबाइलवर आवाजांचे तुकडे जुळवणारा अकरावीतला मुलगा एकत्र बसले, तर म्हाताऱ्याकडे साठा आहे आणि मुलाकडे बेफिकिरी. दोघांनाही दुसऱ्याची गरज आहे. पहिल्या काही रात्री बरेचसे ऐकवणार नाही, हे गृहीत धरावे. दहा मिनिटांची मर्यादा त्यासाठीच ठेवायची.

दुसरी गोष्ट आक्षेपाहून अवघड आहे. हलगीचे कौतुक करणे सोपे. पण गावगाड्यात ती वाजवणे हे ठरावीक जातींवर लादलेले काम होते, आणि शिकलेल्या कित्येक मुलांनी ती जाणीवपूर्वक खाली ठेवली. ती त्यांनी स्वाभिमानाने खाली ठेवली आणि ते योग्यच केले. म्हणून या रात्रीला हलगीवाला ‘वाजवायला बोलावलेला’ माणूस म्हणून येता कामा नये. मिरवणुकीपुढे चालणारा नव्हे, गोलात बसणारा. ज्याच्यासाठी बाकीचे गप्प होतात असा. तबला शिकवणाऱ्या गुरुजींनी त्याच्यासमोर मांडी घालून एखादा ठेका विचारून घेतला, तर ती घटना पन्नास भाषणांना भारी ठरेल. आणि मानधन द्यायचे असेल तर सगळ्यांना सारखे, नाहीतर कोणालाच नाही.

गारगोटीला जागेची अडचण सांगता येणार नाही. इथे 1952 पासून श्री मौनी विद्यापीठ आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या जे. पी. नाईकांनी ते उभारले आणि बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतचे शिक्षण एका खेड्याच्या आवारात आणून दाखवले. देशभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी या गावाची वाट धरली ती त्या धाडसामुळे. अशा आवारात संध्याकाळी रिकामा राहणारा एक हॉल नसेल, हे पटणे कठीण. तिथे नाहीच जमले तर तालुक्यातली एखादी शाळा, वाचनालय किंवा देवळाचा सभामंडपही चालेल.

परवानगीची भीती घालणारे भेटतील. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात, पण बंदिस्त सभागृहातल्या वापराला त्यात मुभा आहे. शिवाय इथे भोंगा हवाच कशाला? पन्नास माणसांच्या खोलीत एकतारीसुद्धा नीट ऐकू येते. वक्तशीरपणा मात्र लागेल. बायकांनी आणि वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांनी यावे असे वाटत असेल तर ‘रात्र’ संध्याकाळी 6 ला सुरू होऊन 9 च्या आत संपली पाहिजे, म्हणजे घरी परतण्याची सोय राहते. रात्रभराचे फड पुरुषांचेच का राहिले, याचे अर्धे उत्तर घड्याळात आहे.

सर्वांत कडक नियम सत्काराबद्दल हवा. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत आणि आभार यांत आपल्याकडे दीड तास कुठे जातो ते कळत नाही. त्यापेक्षा दाराशी एक डबा ठेवावा, आलेल्याने चिठ्ठीवर नाव टाकावे, चिठ्ठी निघेल त्याने बसावे. आमदार आले तरी चिठ्ठी, आणि त्यांना वाजवायचे नसेल तर त्यांनी ऐकावे.

मुहूर्त श्रावणातला बरा. भाताची रोपलावण उरकलेली असते, ऊसतोडीला अवकाश असतो, कुस्तीची मैदाने आणि जत्रा बंद असल्याने वाजवणारे मोकळे असतात, आणि भजनी मंडळांचे गळे महिनाभर तापलेले असतात. आषाढ संपण्याआधी तालुक्यातल्या दोन-चार संगीत शिक्षकांनी एकत्र बसून हॉलची किल्ली कोणाकडे मागायची तेवढे ठरवावे. अर्ज एकाच पानाचा होईल.