तक्रारी : निरंक

'आमची संस्था म्हणजे एक कुटुंबच आहे' असं कुणी म्हटलं की मी हल्ली सावध होते. कुटुंबाच्या नावाखाली काय काय सोसावं लागतं, हे बायकांना कुणी सांगायला नको.

कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीत बाहेरची एक व्यक्ती असावी लागते. अशी 'बाहेरची बाई' म्हणून मी काही ठिकाणी जाते. त्यातली एक स्वयंसेवी संस्था, आपलीच भाषा बोलणारी. भिंतीवर समतेची पोस्टर्स, समितीच्या नावांचा फलक, सगळं यथासांग. वार्षिक अहवालात 'तक्रारी : निरंक', सलग तीन वर्षं. याचा सर्वांना केवढा अभिमान!

मी बैठकीपेक्षा तिच्या आजूबाजूला बघत बसले. संस्थापकांना सगळे 'दादा' म्हणतात. दादा बोलले की चर्चा संपते. इतिवृत्त लिहायला एक मुलगी, का तर 'तिचं अक्षर छान आहे'. प्रकल्प तिने उभा केलेला, पण इतिवृत्तात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. चहा आला तेव्हा उठल्या त्या बायकाच. साडेसहाला बैठक संपली आणि दादांच्या खोलीत खरे निर्णय सुरू झाले. तोवर बायका बस गाठायला, पाळणाघरातलं मूल आणायला निघून गेलेल्या. झाडणाऱ्या मावशींचा कप मोरीच्या खिडकीत, वेगळा. कुणी ठेवला? 'पहिल्यापासून तिथेच असतो.'

संस्थेची संस्कृती म्हणतात ती हीच. एडगर शाइन या अभ्यासकाने तिचे तीन थर सांगितले: डोळ्यांना दिसतं ते, तोंडाने सांगितलं जातं ते, आणि कुणी न बोलता सगळे गृहीत धरतात ते. आपली पोस्टर्स पहिल्या दोन थरांत. तो कप तिसऱ्यात.

मावशींना समितीची माहिती दिली का, असं विचारलं. 'त्या एजन्सीच्या आहेत.' म्हणजे कुटुंबात त्या नाहीत! पण २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारीवरच्या, एवढंच काय, बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियाही येतात. आणि हा कायदा आला कुठून? भंवरीदेवी ही राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमातली साथिन, मानधनावर काम करणारी. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या म्हणून १९९७ चा विशाखा निकाल मिळाला. तिच्यावर हल्ला झाला तो ऑफिसात नव्हे, कामापायी झाला.

परतताना जिन्यात एकीने मला गाठलं. काय घडलं ते सांगितलं (ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे) आणि म्हणाली, "ताई, लेखी नको. दादांना वाईट वाटेल." तक्रारीला कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे. ती अशी दादांचं मन सांभाळण्यात निघून जाते, आणि अहवालात 'निरंक' छापलं जातं.

काही मैत्रिणी म्हणतात, हे चव्हाट्यावर आणू नका, निधी बंद होईल, विरोधक टपलेलेच आहेत. ते टपलेले आहेत, हे खरं. पण घरातली मारहाण बाहेर काढणाऱ्या बाईला तिचे सासरचे दुसरं काय सांगतात? अब्रूच ना? मीही वर्षानुवर्षं 'समर्पण' म्हणत रजा न घेता राबले, आणि नव्या मुलींनी तसंच राबावं अशी अपेक्षा केली. रजेचा अर्ज घेऊन आलेल्या एकीकडे मी कसं बघितलं होतं, ते आठवून आज लाज वाटते.

पुढच्या बैठकीसाठी मी विषय पाठवले आहेत. इतिवृत्त आळीपाळीने लिहावं, पुरुषांनीही. निर्णय पाचच्या आत व्हावेत. समितीची माहिती मावशींसह सर्वांना कामाच्या वेळेत द्यावी. आणि तो कप. कालच निरोप आला: दादा म्हणतात, यादी लांबली आहे, शेवटचा विषय वगळला तर चालेल का? मी नाही म्हणून कळवलं आहे.